मध्य आशिया: जिथल्या नद्या समुद्राला मिळतच नाहीत

उलटा_नकाशा

बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतोच. मध्य आशिया म्हटलं की आपली गाडी दोनच स्टेशनांवर थांबते, बाबर आणि ताश्कंद. फारफार तर कोणीतरी समरकंदच्या निळ्या घुमटांचे फोटो टाकतं, आपण वा वा म्हणतो, संपलं. पण मी गेले दोन महिने जमेल तसं या भागाबद्दल वाचतोय आणि एक गोष्ट डोक्यात घुसलीये ती जातच नाही, ती म्हणजे इथलं पाणी बाहेर जात नाही. डोंगरात उगम पावतं, वाळवंटात शिरतं आणि तिथेच कुठल्यातरी तळ्यात नाहीतर वाळूत संपतं.

आधी पात्रपरिचय. कझाकस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान. कझाकस्तान एकटाच २७ लाख चौ. किमी, म्हणजे समुद्रकिनारा नसलेला जगातला सगळ्यात मोठा देश. उझबेकिस्तानची तर कमाल आहे, त्याला स्वतःला समुद्र नाहीच पण त्याच्या एकाही शेजाऱ्यालाही नाही. असे देश जगात दोनच, दुसरा चिमुकला लिश्टेनस्टाइन. (कास्पियनला समुद्र म्हणायचं की सरोवर यावर वाद घालणार असाल तर आधीच सांगतो, मी सरोवर पार्टीत आहे.)

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. आग्नेयेला पामीर आणि तिएन शान, सात-सात हजार मीटरची शिखरं, फेडचेन्कोसारखी सत्तरेक किलोमीटर लांबीची हिमनदी. तिथून वायव्येकडे उतरत गेलात की काराकुम आणि किझिलकुम ही वाळवंटं, आणि उत्तरेला कझाक स्तेप, नुसतं गवत आणि आभाळ. पाऊस जो काही पडायचा तो डोंगरात, बर्फ होऊन. सपाटीवर फारच थोडा. त्यामुळे सगळी वस्ती, सगळी शहरं, सगळी शेती डोंगराच्या पायथ्याशी नाहीतर नदीकाठाला चिकटलेली. अमू दर्या आणि सीर दर्या या दोन नद्या म्हणजे या भागाच्या दोन धमन्या समजा, दोघीही शेवटी अरल समुद्र नावाच्या खाऱ्या सरोवरात जाणाऱ्या. ग्रीक त्यांना ऑक्सस आणि जक्सार्टिस म्हणायचे. दोघींमधल्या मुलुखाला अरबांनी नावच दिलं मावराउन्नहर, नदीपलीकडचा प्रदेश. नाव देतानाही नदीच पुढे!

आणि मेख इथेच आहे. पाण्याचा उगम ज्यांच्याकडे आहे ते किर्गिझ आणि ताजिक गरीब, त्यांच्याकडे तेल नाही गॅस नाही. ज्यांच्याकडे तेल-गॅस आहे ते उझबेक, तुर्कमेन, कझाक खालच्या अंगाला, आणि पाण्यासाठी वरच्यांकडे बघत बसलेले. सोव्हिएत काळात मॉस्कोने यावर सरळ तोडगा काढला होता. उन्हाळ्यात वरच्यांनी धरणातून पाणी सोडायचं, खाली कापूस पिकवायचा, हिवाळ्यात खालच्यांनी वर गॅस आणि कोळसा पाठवायचा, लोकांची घरं ऊबदार राहतील. १९९१ मध्ये मॉस्को बाजूला झालं, आणि हा व्यवहार पाच वेगवेगळ्या देशांना आपापसात करायची वेळ आली. नव्या देशांनी गॅसचे बाजारभाव लावले, पाण्याला मात्र किंमत द्यायला कोणी तयार नाही. किर्गिझ म्हणाले ठीक आहे, मग आम्ही हिवाळ्यातच पाणी सोडून वीज बनवतो. झालं, हिवाळ्यात खाली पूर आणि ऐन उन्हाळ्यात टंचाई.

सध्या इतकंच. जाणकारांनी भर घालावी, चुका दाखवाव्यात.

खडूस_काका

धागा चांगला आहे पण शीर्षकातच चूक. इर्तिश विसरलात काय? चीनमधून येते, पूर्व कझाकस्तानातून जाते, ओब नदीला मिळते आणि ओब थेट आर्क्टिक महासागरात. इशिम आणि तोबोलही त्याच वाटेने. अस्ताना शहर इशिमच्याच काठावर आहे. म्हणजे कझाकस्तानच्या राजधानीतलं पाणी आर्क्टिकला पोचतं आणि तुम्ही म्हणताय नद्या समुद्राला मिळतच नाहीत.

उलटा_नकाशा

काका दंडवत. मान्य. शीर्षक आता बदलता येत नाहीये, "उत्तर कझाकस्तान वगळता" असं मनातल्या मनात वाचा.

शेंगदाणा

मस्त धागा, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. एक बाळबोध प्रश्न. अरल समुद्र आटला तो नक्की कशामुळे? कापूस कापूस असं ऐकलंय पण नुसत्या कापसाने अख्खा समुद्र कसा काय आटेल?

नदीकाठ

@शेंगदाणा, प्रश्न बाळबोध नाहीये. कापूस स्वतः किती पाणी पितो हा एक भाग झाला, पण ते पाणी शेतापर्यंत नेताना जे वाया गेलं ते त्याहून भयंकर आहे. काराकुम कालवा घ्या, १९५४ ला काम सुरू झालं, वाढवत वाढवत १३०० किमीच्या वर गेला. अमू दर्याचं पाणी उचलून तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटातून पश्चिमेला नेलं. बराचसा कालवा नुसता मातीत खणलेला, तळाला अस्तर नाही, म्हणजे पाणी वाळूत मुरतंय आणि वरून उन्हाने उडतंय. शेतात सरी सोडून भरमसाठ पाणी द्यायची पद्धत, मग जमीन खारवते, मग तो खार धुवून काढायला हिवाळ्यात पुन्हा पाणी सोडायचं. असं दुष्टचक्र.

१९६० च्या आसपास अरल सुमारे ६८,००० चौ. किमीचा होता, जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर. १९८७ च्या सुमारास त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले, २०१४ मध्ये दक्षिणेकडच्या भागाचं पूर्व पात्र पूर्ण कोरडं पडलं. मुयनाक हे एकेकाळचं बंदर, मासे डबाबंद करायचा कारखाना होता तिथे, आता वाळूत गंजलेल्या बोटी उभ्या आहेत आणि पाणी शंभरेक किलोमीटर लांब गेलंय.

आणि हा अपघात नव्हता हे लक्षात घ्या. नियोजन करणाऱ्यांना माहीत होतं समुद्र आक्रसणार. कापसातून जास्त फायदा आहे असा हिशोब मांडला होता. हिशोबात धरलं नाही ते उघड्या पडलेल्या तळावरचं मीठ आणि शेतांमधून वाहून आलेली कीटकनाशकं. वारा सुटला की ते सगळं हवेत, तिथून लोकांच्या छातीत आणि पुन्हा शेतात. समुद्र होता तेव्हा आसपासची थंडी आणि उन्हाळा जरा सौम्य असायचा, तेही गेलं. हिवाळा जास्त कडक, उन्हाळा जास्त कडक.

माळरान

+१ नदीकाठ. फक्त एक पुस्ती. अरल पूर्वीही कमीजास्त व्हायचा. अमू दर्या मध्ययुगात काही काळ पश्चिमेला वळून सारीकामिश खळग्यात जात होती, तिथून उझबोय नावाच्या पात्राने कास्पियनपर्यंत. ते कोरडं पात्र अजून दिसतं. पीटर द ग्रेटला याचा सुगावा लागला होता. त्याने १७१७ मध्ये बेकोविच-चेर्कास्की या सरदाराला फौज देऊन खीवाच्या राज्याकडे धाडलं, नदी परत कास्पियनकडे वळवता येईल का बघ, म्हणजे रशियातून बोटीने थेट आत शिरता येईल. खीवाच्या खानाने गोड बोलून फौजेचे छोटे गट पाडायला लावले आणि सगळ्यांना कापून काढलं. बेकोविचसकट.

अर्थात पूर्वी व्हायचं म्हणून आत्ताचं नैसर्गिक असं मी म्हणत नाहीये, आधीच सांगून ठेवतो, नाहीतर माझ्यावर धावून याल.

शेंगदाणा

धन्स दोघांनाही. मग आता काहीच होऊ शकत नाही का? की संपलाच विषय?

नदीकाठ

उत्तरेकडचा तुकडा वाचलाय. कझाकस्तानने जागतिक बँकेच्या पैशातून २००५ मध्ये कोकअरल धरण बांधलं, म्हणजे फार काही भव्य नाही, १२-१३ किमीचा बांध. सीर दर्याचं जे काही पाणी येतं ते दक्षिणेकडे पसरून वाया न जाता उत्तरेतच अडतं. पाणी अपेक्षेपेक्षा लवकर चढलं, खारेपणा उतरला, गोड्या पाण्याचे मासे परत आले. त्याआधी तिथे एकच मासा टिकला होता, सोव्हिएत काळात मुद्दाम आणून सोडलेला चपटा फ्लाउंडर, खाऱ्या पाण्यात तगतो म्हणून.

पण नाण्याची दुसरी बाजूही बघा, उत्तर वाचवायची म्हणजे दक्षिणेवर पाणी सोडायचं, शब्दशः. दक्षिण अरलचा बराच भाग उझबेकिस्तानात, काराकल्पाकस्तान या त्याच्या स्वायत्त प्रांतात. तिथे आता उघड्या तळावर साक्सौल नावाची झुडपं लावतायत, वाळू आणि मीठ धरून ठेवायला. नव्या वाळवंटाला नावही मिळालंय, अरालकुम.

सैबेरियातल्या नद्या उलट्या फिरवून इकडे आणायची योजनाही होती. गंमत नाही करत, खरंच. १९८६ मध्ये गुंडाळली.

खडूस_काका

आणि ती गुंडाळली ते बरंच झालं.

भाकरतुकडा

सगळे पाणी पाणी करताय, संस्कृतीबद्दल कोणी बोलणार आहे का नाही? की तहान भागल्यावर? ;)

मी तीन वर्षांपूर्वी ताश्कंद-समरकंद-बुखारा-खीवा अशी ट्रिप केली होती, त्यावरून लिहिते. माझा समज असा होता की उझबेकिस्तान म्हणजे उझबेक लोक, उझबेक भाषा. समरकंदला उतरले तर बाजारात लोक आपापसात ताजिक बोलत होते. ताजिक म्हणजे फारसीच की. मला थोडीफार उर्दू शायरी कळते तेवढ्यावर मी शब्द पकडत होते, नान, गोश्त, अनार, बाजार, दोस्त. गाईडला विचारलं तर म्हणाला समरकंद आणि बुखारा दोन्ही ताजिकभाषी शहरं आहेत, आम्ही घरी ताजिक, ऑफिसात उझबेक आणि आमच्या वडलांच्या पिढीशी कधीकधी रशियन. एका माणसाच्या तोंडात तीन भाषा आणि तिन्ही वेगळ्या घराण्यातल्या! उझबेक तुर्की घराण्यातली, ताजिक इराणी, रशियन स्लाव्ह.

आणि लिपी तर विचारूच नका. दुकानाची पाटी लॅटिनमध्ये, शेजारच्या दुकानाची सिरिलिकमध्ये, आणि मदरशाच्या भिंतीवर अरबी. १९२० च्या दशकाअखेर अरबी सोडून लॅटिन आली, १९४० च्या सुमारास सिरिलिक, १९९३ पासून परत लॅटिनकडे. म्हणजे पणजोबांनी लिहिलेलं पत्र पणतूला वाचता येत नाही. आपण मोडी विसरलो त्याचं मला इथे फार वाटलं.

जाता जाता, तिथली रोटी (नॉन) उलटी ठेवायची नाही, पाप लागतं म्हणे. मी बॅगेत उलटी कोंबली तर एका आजीने काढून सरळ ठेवली, वर नीट झाकून दिली आणि काहीतरी पुटपुटली. शिवी नसावी.

माळरान

@भाकरतुकडा ताई, झकास प्रतिसाद. हे भाषांचं गुंतागुंतीचं प्रकरण सीमांमुळे झालंय. १९२४ पासून सोव्हिएतांनी "राष्ट्रवार" सीमा आखल्या तेव्हा एक मोठा प्रॉब्लेम होता, तिथे लोक तशा राष्ट्रांमध्ये विभागलेलेच नव्हते. ओळख कशावरून? तर शहरात राहतोस की भटका आहेस, कुठल्या खोऱ्यातला, कुठल्या टोळीचा. कझाक आणि किर्गिझ मेंढरं-घोडे घेऊन फिरणारे, उझबेक आणि ताजिक नदीकाठचे शेतकरी-व्यापारी. शहरातल्या माणसाला तू उझबेक की ताजिक असं विचारलं तर बहुधा तो डोकं खाजवत बसला असता.

फरगाना खोरं बघा, बाबर १४८३ मध्ये जिथे जन्मला ते अंदिजान तिथलंच. खोरं एक, पण तीन देशांत वाटलेलं. सपाटी बहुतेक उझबेकिस्तानकडे, कडेचे डोंगर किर्गिझस्तानकडे, तोंड ताजिकिस्तानकडे. त्यात परत बेटं आहेत जमिनीची. सोख नावाचा तुकडा आहे, तो उझबेकिस्तानचा, पण चारही बाजूंनी किर्गिझस्तान, आणि राहणारे लोक बहुतेक ताजिक! नकाशा काढणाऱ्याला झोप कशी लागली असेल.

सोव्हिएत काळात या सीमा जिल्ह्याच्या हद्दीसारख्या होत्या, कोणाला फरक पडत नव्हता. देश झाल्यावर त्याच रेघांवर काटेरी तारा आल्या. एप्रिल २०२१ मध्ये किर्गिझ आणि ताजिक लोकांत मारामारी पेटली ती एका पाण्याच्या बंधाऱ्यावरून, बघता बघता सैन्य उतरलं. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याहून मोठी चकमक. मात्र चांगली बातमी ही की मार्च २०२५ मध्ये दोघांनी सीमाकरारावर सही केली, आणि त्याच महिनाअखेरीला ताजिकिस्तानातल्या खुजंदमध्ये खोऱ्यातल्या तिन्ही देशांनी तिन्ही सीमा जिथे मिळतात त्या बिंदूबद्दलही करार केला. हे आपल्या पेपरात किती आलं माहीत नाही, मला कुठे दिसलं नाही.

हिशोबनीस

अर्थशास्त्राकडे वळूया थोडं. वरती "तेल-गॅसवाले श्रीमंत" असं सरसकट आलंय, त्यात दुरुस्ती करावी वाटते. माल जमिनीत असणं आणि तो बाजारात नेता येणं या वेगळ्या गोष्टी. कझाकस्तान जगातलं सुमारे ४० टक्के युरेनियम काढतो, तेंगीझ आणि काशगानसारखी तेलक्षेत्रं आहेत, पण तेलाचा मोठा भाग जातो कुठून, तर रशियातून नोवोरोसिस्कच्या बंदरापर्यंत पाइपने. म्हणजे नळ कझाकचा, तोटी रशियाच्या अंगणात. तुर्कमेनिस्तानचा गॅस आधी मुख्यतः रशियाकडे जायचा, २००९ अखेरीला चीनची पाइपलाइन सुरू झाली, आता मुख्य गिऱ्हाईक चीन. गिऱ्हाईक बदललं, पण भाव ठरवताना हातात काही नाही ही स्थिती तीच. आणि उझबेकिस्तान, जो स्वतः गॅस विकायचा, तो ऑक्टोबर २०२३ पासून रशियाकडून गॅस विकत घेतोय. कशातून, तर त्याच जुन्या सोव्हिएत पाइपातून, फक्त प्रवाह उलटा. जानेवारी २०२३ च्या थंडीत ताश्कंदमध्ये गॅसचे हाल झाले होते त्यानंतरचं हे.

डोंगरातल्या दोघांचं उत्पन्न माणसं पाठवून. ताजिकिस्तानात परदेशी, म्हणजे मुख्यतः रशियात, गेलेल्या मजुरांनी घरी धाडलेला पैसा कित्येक वर्षं जीडीपीच्या एक तृतीयांशाहून जास्त भरलाय. गावात म्हातारे, बायका आणि पोरं. मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळच्या सभागृहात हल्ला झाला, पकडलेले ताजिक निघाले, त्यानंतर सगळ्याच मजुरांच्या मागे तपासण्या आणि हद्दपारीचं शुक्लकाष्ठ लागलं. रशियाने नियम बदलला की ताजिकिस्तानातल्या खेड्यातली चूल हलते, असं नातं आहे.

कापसाचंही सांगतो. उझबेकिस्तानात दर शरदात शाळेतली पोरं, शिक्षक, नर्सा सगळ्यांना कापूस वेचायला जुंपायचे, स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं. जगातल्या मोठमोठ्या कपडे कंपन्यांनी बहिष्कार टाकला होता. राष्ट्राध्यक्ष करिमोव्ह २०१६ ला वारल्यावर त्यांच्या जागी मिर्झियोयेव आले, हळूहळू ती पद्धत मोडली, आणि मार्च २०२२ मध्ये बहिष्कार उठला. कापूस म्हणजे तिथे "पांढरं सोनं", ताश्कंदच्या एका मेट्रो स्टेशनचं नावच पाख्ताकोर आहे, म्हणजे कापूस पिकवणारा. ज्याला जुंपलं त्याचं नाव स्टेशनला, असा प्रकार.

बर्फाळलेला

मी किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमध्ये डॉक्टरकी शिकतोय, चौथं वर्ष. आपली बरीच पोरं आहेत इथे. तुम्ही सगळे पुस्तकातलं बोलताय, मी खोलीतलं सांगतो. इथली वीज बहुतेक धरणावर, सीर दर्याला मिळणाऱ्या नारिन नदीवरचं तोक्तोगुल. १९.५ घन किलोमीटरचा जलाशय. हिवाळ्यात सगळं गाव वीजेवर शेगड्या लावतं, त्यामुळे टीव्हीवर हवामानासारखं धरणाचं पाणी किती हे सांगतात आणि कॉलेजातल्या मावशीपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांना तो आकडा पाठ. ज्यांच्याकडे वीज परवडत नाही ते कोळसा जाळतात, डिसेंबर-जानेवारीत धुराने समोरची बिल्डिंग दिसत नाही.

२५ जानेवारी २०२२ ला मी नवीनच होतो, अचानक सगळं बंद. फोन लावला तर कळलं कझाकस्तानात अल्माटीत पण नाही, ताश्कंदमध्ये पण नाही. तीन देशांची लाइट एकदम गेली. सोव्हिएत काळात एकच ग्रिड बांधलेली ना. भांडतात पाण्यावरून पण वायर एकच.

आता कांबाराता-१ नावाचं नवीन धरण बांधायचं चाललंय नारिनवरच, आणि गंमत म्हणजे त्यात कझाक आणि उझबेक दोघे पार्टनर. मला इथल्या एका सरांनी सांगितलं हे दहा वर्षांपूर्वी कोणी बोललं असतं तर हसले असते.

नदीकाठ

@बर्फाळलेला, सर बरोबर बोलले. २०१२ मध्ये करिमोव्हनी या असल्या धरणांवरून युद्ध होऊ शकतं असं जाहीरपणे म्हटलं होतं. तेव्हा ताजिकांच्या रोगुन धरणाला पण कडाडून विरोध. अमू दर्याला मिळणाऱ्या वख्श नदीवर ३३५ मीटर उंचीचं व्हायचंय ते, त्याच नदीवरचं नुरेक ३०० मीटरचं आहे आधीपासून. आता तोच उझबेकिस्तान रोगुनची वीज घ्यायच्या गोष्टी करतो.

पण यांचं आपसात जमतंय तोवर खालून, म्हणजे खरंतर मधूनच, नवा भिडू आलाय. अफगाणिस्तानात तालिबानने २०२२ मध्ये कोश तेपा कालवा खणायला घेतला, २८५ किमीचा, अमू दर्यातून. परत तेच, बराचसा कच्चा, वाळूत खणलेला. १९९२ मध्ये पाच देशांनी पाणीवाटप करारात जुने सोव्हिएत कोटेच कायम ठेवले, अफगाणिस्तानला कोणी विचारलंच नव्हतं. त्यामुळे त्यांना तुम्ही जास्त घेताय असं म्हणायला कागदच नाही. आणि अफगाणांचं म्हणणंही चूक कसं म्हणणार, नदी त्यांच्याही सीमेवरून शेकडो किलोमीटर वाहते, तुम्ही साठ वर्षं उपसलंत आता आम्ही.

शेंगदाणा

हायला, म्हणजे काराकुम कालव्याचीच पुढची आवृत्ती.

@बर्फाळलेला, कुमिस प्यायलास का रे? घोडीचं दूध आंबवलेलं?

बर्फाळलेला

प्यायलो. पहिल्यांदा ताकात कोणीतरी बिअर आणि विस्तवाचा धूर घातलाय असं वाटलं. उन्हाळ्यात वर जैलूवर (डोंगरातली कुरणं) युर्तमध्ये (नमद्याचा गोल तंबू) पाहुणा म्हणून गेलात की नाही म्हणता येत नाही. तिसऱ्या वाडग्याला आवडायला लागतं. चौथा घेऊ नये.

तिथे एका आजोबांनी मानस म्हणून दाखवलं होतं, किर्गिझ महाकाव्य. एका मानसचीकडून (मानस गाणारा) उतरवून घेतलेली प्रत पाच लाख ओळींच्या वर आहे म्हणे, लिहून नव्हे, तोंडपाठ. मला एक शब्द कळला नाही पण अंगावर काटा आला.

खडूस_काका

अरलवर एवढं लिहिलंत, बर्साकेल्मेस राहिलं. अरलमधलं बेट होतं. नावाचा अर्थ, गेलास तर परत येणार नाहीस. १९३९ पासून राखीव अरण्य, कुलान म्हणजे रानगाढवं तिथे नेऊन जगवली होती. पाणी खारं होत गेलं तसं कुलानांना प्यायला पाणी राहिलं नाही, त्यांना दुसरीकडे हलवावं लागलं. आणि बेटही राहिलं नाही, चहूबाजूंनी जमीन झाली. आता तिथे जीपने जातात.

शेंगदाणा

आणि परत येतात?

खडूस_काका

येतात. पाण्याचे कॅन सोबत नेले तर.